चूक माझी, बोल मामांना

मित्रांनो, जरा लांब उभे राहूनच ऐका. मी कागद कापणारी मशीन आहे, आणि कागद कुठला न् बोट कुठलं हे मला ओळखता येत नाही. घाबरू नका. सत्तेचाळीस वर्षांत मी एकाही माणसाचं नख दुखवलेलं नाही. पण बोलायला लागले की मी कोणाची भीडभाड ठेवत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा मुक्काम विद्यापीठाच्या छापखान्यात. परीक्षा विभागाच्या मागे एक बैठी इमारत आहे. तिच्या खिडक्या मुद्दाम छताजवळ काढल्या आहेत, कारण इथे प्रश्नपत्रिका छापतात आणि बाहेरून डोकावणारे कमी नसतात. आत शाई आणि रॉकेलचा वास. एका भिंतीला कागदाच्या रिमांची थप्पी, दुसऱ्या भिंतीला छपाईची मशीन, मधोमध बाइंडिंगचं लांबलचक टेबल, आणि कोपऱ्यात मी. कोपऱ्यात असले म्हणून कमी समजू नका. मी वजनाला दीड टन आहे. मला आत आणायला दाराची चौकट काढावी लागली होती, आणि ठेवल्या ठेवल्या फरशी दोन ठिकाणी तडकली होती. ते तडे अजून आहेत.

माझी रचना अगदी साधी. वर लांब पातं. त्याच्या पुढे कागद घट्ट धरणारी दाबपट्टी. मागच्या बाजूला टेकणपट्टी. या टेकणपट्टीला कागदाची गड्डी टेकवायची, आणि पट्टी जितकी मागे तितका तुकडा मोठा कापला जातो. पट्टी पुढेमागे करायला एक चाक असतं, आणि चाक हलू नये म्हणून त्याला एक बोल्ट आवळलेला असतो. हा बोल्ट लक्षात ठेवा. मेल्यानं माझी अब्रू घालवली.

उत्तरपत्रिका, प्रवेश अर्ज, अभ्यासक्रमाच्या पुस्तिका, गुणपत्रिका, पदव्या, सगळं माझ्याखालून गेलं. छपाईची मशीन दिवसभर खडखडत असते, पाहुणा आला की तिलाच बघायला जातो. कौतुक तिचं! पण ती छापते तो कागद म्हणजे कडा वेड्यावाकड्या असलेलं एक मोठं फडकं असतं. त्याला माणसात कोण आणतं? मी. जाऊ द्या, स्वतःची तारीफ स्वतः करू नये म्हणतात.

माझ्यावर काम करणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. विद्यापीठाचे कुलगुरूसुद्धा मामाच म्हणत. मामा बाविसाव्या वर्षी माझ्यापाशी आले, आणि मी सांगते आहे त्या दिवसांत त्यांना निवृत्तीला एक महिना उरला होता. गड्डी टेकवली की चारी बाजूंनी थोपटून ते तिला विचारायचे, "बसली का गं नीट?" गड्डी काय बोलणार! मग मला म्हणायचे, "चल बाई, घे." मग दोन्ही हातांनी दोन दांडे ओढायचे. दोन्ही हात दांड्यांवर असले तरच पातं खाली येतं, म्हणून तर सगळ्यांची बोटं शाबूत आहेत.

मामांची एक पद्धत होती, ती सगळ्या छापखान्याची पद्धत झाली होती. प्रत्येक कागदाची एक बाजू खरी धरायची. म्हणजे छापताना ज्या बाजूवरून माप घेतलं, तीच बाजू कापताना टेकणपट्टीला लावायची. त्या बाजूवर मामा लाल पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवत. दुसरी पद्धत पहिल्या कागदाची. कापलेल्या पहिल्या गड्डीतला पहिला कागद काढायचा, मोजपट्टीने मोजायचा, त्यावर छपाईवाल्याची, मामांची आणि मॅनेजरबाईंची अशा तीन सह्या व्हायच्या, आणि तो भिंतीवरच्या खिळ्याला लागायचा. पहिला बरोबर म्हणजे पुढचं सगळं बरोबर. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, आणि यात काही खोट आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. मलाही नाही.

मॅनेजरबाई म्हणजे छापखान्याच्या प्रमुख. त्यांना काचेची खोली दिलेली आहे, पण त्या खुर्चीत बसलेल्या मी फारशा पाहिल्या नाहीत. प्रूफ तपासताना त्या स्वतः मोठ्याने वाचत, स्वल्पविरामासकट. "घाई साहेबांची असते, चूक आपली असते," हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि बाइंडिंगच्या टेबलावर वहिनी. यांचे यजमान विद्यापीठाच्या वसतिगृहात नोकरीला, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी. अठरा वर्षं घडी घालून, शिवून, डकवून त्यांच्या बोटांना इतकी सवय झाली होती, की डोळे मिटून कागद हातात दिला तरी त्या सांगायच्या, "हा त्या रिमेतला नाही."

असे सगळे होते, तरी माझे दिवस फिरले. विभागाविभागांत झेरॉक्स आलं, अर्ज संगणकावर भरायला लागले. पूर्वी महिन्याच्या महिन्याला मला तेलपाणी व्हायचं. मग ते आठवण झाली की व्हायला लागलं, आणि मग आठवणही कमी झाली. बाईंनी दुरुस्तीसाठी तीन पत्रं पाठवली. तिन्ही कुठल्याशा फायलीत जाऊन झोपली. माझा बोल्ट आतून झिजत होता. मला कळत होतं. पण आमच्या जातीला कण्हता येत नाही ना!

त्यात कुलसचिव साहेबांनी बाईंना बोलावलं. परत आल्या तेव्हा बाईंचा चेहरा उतरला होता. त्यांनी सगळ्यांना टेबलापाशी गोळा केलं.

"साहेब म्हणतात, छापखाना बंद करू. काम बाहेर देऊ."

"अहो, पण का?" वहिनी म्हणाल्या.

"गेल्या वर्षी गुणपत्रिका उशिरा गेल्या, आठवतंय ना? काही मुलांचे पुढचे प्रवेश हुकले. साहेब त्यावर बोट ठेवतात, आणि त्यात त्यांचं चुकतंय असं मी म्हणू शकले नाही." बाई पुढे म्हणाल्या, "एक संधी मागून आणली आहे. यंदाच्या पदव्या दीक्षान्त समारंभाला वेळेवर आणि बिनचूक दिल्या, तर छापखाना राहील. नाही दिल्या, तर समारंभानंतर कुलूप."

मामा माझ्या अंगावर हात ठेवून उभे होते. "देऊ की," ते म्हणाले. "न द्यायला काय झालंय!"

छापखाना गेला असता तर माणसं इकडेतिकडे पांगली असती. कोणी ग्रंथालयात, कोणी जावक विभागात. मी तर सरळ भंगारात. पण मला खरं सांगायचं तर मामांची जास्त काळजी वाटत होती. निवृत्तीच्या तोंडावर आपलं घर मोडताना बघायचं, हे कोणाच्या वाट्याला येऊ नये.

पदव्या होत्या तीन हजार दोनशे. त्यांचा कागद वेगळाच. जाड, दुधाळ, उजेडात धरला की विद्यापीठाचं चिन्ह दिसणारा. तो लांबच्या गिरणीतून मागवावा लागतो आणि यायला तीन आठवडे लागतात. एका मोठ्या कागदावर दोन पदव्या शेजारी शेजारी छापल्या होत्या. भोवती निळी किनार, किनारीबाहेर चारी बाजूंनी वीस मिलीमीटर कोरा कागद. माझं काम एवढंच, की बरोबर मधोमध कापायचं. दोनशे कागदांची एक गड्डी, अशा आठ गड्ड्या. समारंभाला पाच दिवस होते.

पहिली गड्डी कापली. पहिला कागद मोजला, तीन सह्या झाल्या, कागद खिळ्याला लागला. दुसरी गड्डी, तिसरी गड्डी, सगळं छान. चौथी गड्डी मामांनी टेकणपट्टीला लावून थोपटली आणि माझ्या आत काहीतरी निसटलं. बोल्टाने चाकाचा हात सोडला होता. पूर्ण नव्हे, केसभर. पट्टी एक मिलीमीटर मागे सरकली.

मित्रांनो, तेव्हा मी किती आकांत केला म्हणून सांगू! अहो मामा, थांबा, बघा इकडे! पण आकांत माझ्या मनातच. बाहेर एवढंच झालं, की एक बारीक ‘टक्’ वाजलं, आणि ते पलीकडच्या छपाईच्या मशीनच्या खडखडाटात बुडून गेलं. मामा म्हणाले, "चल बाई, घे." आणि मी घेतलं. पाचव्या गड्डीला पट्टी आणखी सरकली. सहाव्याला आणखी. आठवी कापून होईपर्यंत पाच मिलीमीटरचा घोळ झाला होता. मामांनी समाधानाने हात पुसले, माझ्यावर कापड टाकलं आणि घरी गेले. मी त्या कापडाखाली तोंड लपवून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पदव्या फोल्डरमध्ये घालायला बसल्या. फोल्डरच्या आत चारी कोपऱ्यांना कागदी कप्पे डकवलेले असतात, त्यांत पदवीचे कोपरे अडकवायचे. त्यांचे हात भराभरा चालले होते. एकाएकी ते थांबले. त्यांनी एक पदवी काढली, पुन्हा घातली. ती सैल बसत होती. तिची जोडीची पदवी घेतली, ती कप्प्यांत मावेना.

"बाई, जरा येता का?"

बाईंनी मोजपट्टी लावली. एका पदवीला किनारीच्या डाव्या बाजूला वीसच्या जागी पंधरा मिलीमीटर, दुसरीला उजव्या बाजूला पंचवीस. त्यांनी आणखी दहा मोजल्या. मग पट्टी खाली ठेवली. मामा हे बघत होते. त्यांनी अंगातला एप्रन काढला आणि घडी घालून टेबलावर ठेवला.

"माझीच चूक, बाई. दुसऱ्या कोणाची नाही. डोळे गेले माझे. मी लिहून देतो."

"मामा, आधी बघू तर द्या!"

"काय बघायचं? कापलं कोणी? मी कापलं."

मित्रांनो, मला लाज वाटली. पात्यापासून पायापर्यंत लाज वाटली. छत्तीस वर्षं ज्यांनी मला बोल लावला नाही, ते माझ्यापायी स्वतःला आंधळं म्हणत होते, आणि मी ठोंब्यासारखी उभी होते.

बाईंनी काही लपवलं नाही. त्यांनी साहेबांना फोन करून बोलावून घेतलं. कुलसचिव साहेब आले. माणूस वाईट नाही हो, पण सरळसोट. त्यांनी चांगल्या आणि बिघडलेल्या पदव्या शेजारी ठेवून पाहिल्या. मामांकडे बघून ते हळू आवाजात म्हणाले, "वय झालं की होतं असं. मी कारवाई करणार नाही. पण बाई, मी आधीच बोललो होतो. पदव्या नंतर टपालाने पाठवू. छापखान्याचं मात्र आता..."

"साहेब, दोन मिनिटं," वहिनी म्हणाल्या.

सगळे वळले. हे सगळं चाललं होतं तोवर वहिनी मोजत होत्या. पदव्यांवर अनुक्रमांक असतात. त्यांनी प्रत्येक गड्डीतल्या पाच-पाच पदव्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या होत्या आणि चिठ्ठ्यांवर मापं लिहिली होती.

"साहेब, माणसाचे डोळे चुकले तर तो एकदा इकडे चुकतो, एकदा तिकडे चुकतो. पोळी लाटताना माझं तसंच होतं. हे तसं नाही. पहिल्या तीन गड्ड्या वीस. मग एकोणीस, अठरा, सतरा, सोळा, पंधरा. कसं जिना उतरल्यासारखं उतरलंय बघा. मामांचे डोळे गड्डीगणिक एकेक मिलीमीटर जातात होय? तेही एका दुपारीत?" आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे हिचं काम आहे."

वहिनी, तुमच्या तोंडात साखर पडो! कोणी बोट दाखवल्यावर एवढा आनंद झालेली मी जगातली पहिलीच असेन.

मामा माझ्या मागे गेले. चाकावर त्यांनी हात ठेवला आणि नुसतं अंगठ्याने ढकललं. चाक फिरलं. आवळलेलं चाक असं फिरत नसतं. त्यांनी बोल्ट काढून तळहातावर घेतला. त्याचे आटे गुळगुळीत झाले होते.

"अगं, एवढं होईपर्यंत गप्प बसलीस?" मामा मला म्हणाले. आवाजात राग होता आणि रडूही होतं.

बाईंनी त्यांच्या खोलीतून दुरुस्तीच्या तीन पत्रांच्या प्रती आणल्या आणि साहेबांपुढे ठेवल्या. साहेबांनी तिन्ही वाचल्या. तिन्हींवर त्यांच्याच कार्यालयाचा पोचशिक्का होता. त्यांचे कान लाल झाले.

"मला बनवणारी कंपनी बंद पडून वीस वर्षं झाली, असा बोल्ट बाजारात नाही," असं मी सांगणार तरी कशी! पण ते मामांना ठाऊक होतं. बाईंनी तो बोल्ट उचलला आणि स्वतः चालत इंजिनियरिंगच्या वर्कशॉपमध्ये गेल्या. तिथल्या लेथवाल्या सरांनी तो बोटांत फिरवून बघितला, म्हणाले, "दोन तास द्या." आणि दोन तासांत तसाच नवा, आधीच्यापेक्षा जरा लांब बोल्ट तयार करून दिला. आपल्याच आवारात!

बोल्ट झाला, पण पदव्यांचं काय? कागद तर संपलेला. तेव्हा मामा बोलले. एप्रन अजून टेबलावरच होता.

"कापलेली बाजू चुकली आहे. पण प्रत्येक पदवीची बाहेरची बाजू अजून खरी आहे, तिला हात लागलेला नाही. ती टेकणपट्टीला लावून सगळ्याच पदव्या चारी बाजूंनी पंधरावर आणता येतील. पदवी सेंटीमीटरभर लहान होईल, पण सगळ्या सारख्या होतील, आणि किनार मधोमध येईल."

"आणि ही पुन्हा सरकली तर?" साहेबांनी विचारलं.

"तर तीन हजार दोनशेच्या तीन हजार दोनशे गेल्या," मामा म्हणाले. "आत्ता निदान पहिल्या तीन गड्ड्या तरी चांगल्या आहेत."

बाई म्हणाल्या, "जबाबदारी माझी. कागद आणा, लिहून सही करते. पण कापायचं मामांनीच."

"नको, बाई. माझा हात थरथरतो आहे."

वहिनींनी एप्रन उचलला आणि मामांच्या हातात दिला. "हात थरथरू दे. दांडे ओढायलाच तर आहेत. मी शेवटचा कागद बघते."

"शेवटचा?"

"पहिला तुम्ही बघाच. पण प्रत्येक गड्डीचा शेवटचा मी बघणार. इतकी वर्षं आपण पहिल्यावर सह्या करत आलो. पुढे काय होतं ते बघितलं कोणी?"

मामांनी एप्रन घातला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पातं साठेक वेळा खाली आलं. मी आयुष्यात इतकी जपून वागले नव्हते. बोल्ट नवा होता, तरी मी अंग आवळून धरलं होतं. प्रत्येक गड्डीनंतर मामा पहिला कागद वाचून दाखवायचे, "पंधरा!" आणि वहिनी शेवटचा, "पंधरा!" आणि मित्रांनो, खरी गंमत सांगू? साहेब गेलेच नाहीत. कोट खुर्चीला अडकवून त्यांनी एक पट्टी मागून घेतली, आणि गड्डीच्या मधलाच एखादा कागद ओढून ते मोजायला लागले. आधी सगळे अवघडले. दुपारनंतर वहिनी त्यांना बिनदिक्कत म्हणायला लागल्या, "साहेब, उजेडात नका उभे राहू."

शेवटची गड्डी कापली. "पंधरा," मामा म्हणाले. "पंधरा," वहिनी म्हणाल्या. साहेबांनी मधला कागद दोनदा मोजला. "पंधरा."

मामा माझ्या टेबलावर कोपरं टेकून ढसाढसा रडले. बाईंनी पाण्याचा ग्लास आणला, पण तो हातातच राहिला, कारण त्याही रडत होत्या.

पदव्या लहान झाल्या म्हणून फोल्डरातले कप्पे आत घ्यावे लागले. तीन हजार दोनशे फोल्डर, प्रत्येकाचे चार कोपरे. छपाईवाल्यापासून शिपायापर्यंत सगळे डिंकाची वाटी घेऊन बसले होते. समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी खोकी बंद झाली. तुमच्या ओळखीत त्या वर्षी पदवी घेतलेलं कोणी असेल, तर त्यांच्या पदवीला पट्टी लावून बघा. सेंटीमीटरभर लहान भरेल. कोणी आजवर तक्रार केलेली नाही.

साहेबांचं पत्र आलं. छापखाना आणखी एक वर्ष चालू ठेवावा, आणि यंत्रांची तपासणी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी करून तसं कळवावं. त्या एका वर्षाची आता सहा वर्षं झाली. त्या पत्राची मुदत संपल्याची आठवण कोणी कोणाला करून दिलेली नाही. साहेबांनीही नाही, आणि तारखा विसरणारा तो माणूस नव्हे.

महिनाअखेर मामा निवृत्त झाले. आता माझ्यावर वहिनी काम करतात. त्या गड्डीला काही विचारत नाहीत, मलाच दम देतात, "सरकलीस तर बघ!" खिळ्याला आता दोन कागद लागतात, पहिला आणि शेवटचा. पहिल्या सोमवारी लेथवाले सर येतात, माझा एकेक बोल्ट हलवून बघतात, तेल घालतात, आणि मी पुन्हा तरुण झाल्यासारखी दोन दिवस न करकरता काम करते.

जाण्याच्या दिवशी मामा एकटेच माझ्यापाशी आले होते. म्हणाले, "तुला सांगू? त्या दिवशी सकाळी पदव्या बघितल्या, आणि मी मनात म्हटलं, संपलं. आपले डोळे गेले, आता घरी बसून भिंती चाचपायच्या. तुझा बोल्ट सापडला तरी ते मनातून जाईना, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, डोळे अगदी ठणठणीत. मग बाहेर पायरीवर बसून राहिलो बराच वेळ. फार बरं वाटलं गं."

तर मित्रांनो, एवढंच सांगायला तुम्हाला थांबवलं. तुमच्या घरात, शाळेत, कारखान्यात काही बिघडलं, की हात चालवणाऱ्या माणसाकडे बघून लगेच "वय झालं", "लक्ष नव्हतं" असं म्हणू नका. आधी आमचा बोल्ट हलवून बघा. आम्हाला वेळेवर तेल घाला, आमच्यासाठी आलेली पत्रं उघडून वाचा. आणि चूक आमचीच निघाली, तर खुशाल शिव्या द्या, लाथ घाला. मी लोखंडाची आहे, मला काही होत नाही. माणसाला मात्र ते खरं वाटतं.